अधिवेशनापूर्वीची विधेयकसूची आणि आपण

संसदेचे अधिवेशन आठवड्यावर आले की वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास येते. सरकार या अधिवेशनात इतकी विधेयके मांडणार, त्यांपैकी इतकी नवी, इतकी मागील अधिवेशनातून उरलेली, अशा स्वरूपाचा तो मजकूर असतो. दोन-चार गाजणाऱ्या विधेयकांची नावे त्यात येतात आणि उरलेली 'इत्यादी' या शब्दात गडप होतात. वैद्यमंडळी सकाळच्या रुग्णसेवेच्या घाईत तो मजकूर ओलांडून पुढे जातात, औषधालयाचे मालकही तेच करतात. आमचे निरीक्षण असे की गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायावर परिणाम करणारी कलमे बहुधा त्या 'इत्यादी'तच दडलेली होती. एकदा तर ती त्या यादीतही नव्हती. म्हणून यंदा या अंकात एखाद्या कल्पाची किंवा व्याधीची चर्चा न करता या सूचीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम सूची म्हणजे काय ते पाहू. अधिवेशनाच्या तारखा ठरल्या, सदस्यांना आवाहनपत्रे गेली, की संसदीय कार्य मंत्रालय निरनिराळ्या मंत्रालयांकडून माहिती गोळा करते आणि सरकारी कामकाजाची संभाव्य यादी लोकसभेच्या बुलेटिनच्या दुसऱ्या भागात प्रसिद्ध होते. तिचे दोन भाग असतात. पहिल्यात प्रलंबित विधेयके, म्हणजे जी पूर्वीच मांडली गेली असून ज्यांच्यावर विचार व मंजुरी व्हावयाची आहे ती. दुसऱ्यात नव्याने मांडावयाची विधेयके, आणि प्रत्येकापुढे त्याचा हेतू एक-दोन वाक्यांत. अधिवेशनाच्या पूर्वसंध्येस सर्वपक्षीय बैठक होते, तीत हीच यादी थोडी वाढवून सांगितली जाते. येथे 'संभाव्य' हा शब्द महत्त्वाचा आहे. यादीत नाव आले म्हणजे विधेयक आले असे नाही, आणि यादीत नाव नाही म्हणजे ते येणार नाही असेही नाही.

सुश्रुताचार्यांनी सांगितलेले षट्क्रियाकाल आपल्या सर्वांना मुखोद्गत आहेत. दोषांचा संचय असतानाच उपाय केला तर तो अल्पायासाने होतो. व्यक्तावस्थेत आणि भेदावस्थेत तोच व्याधी कष्टसाध्य होतो. विधेयकाचेही तसेच आहे. यादी ही संचयावस्था, मसुदा समितीपुढे असणे ही प्रसरावस्था म्हणा, आणि राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाल्यावर आपण निषेधसभा घेतो ती भेदावस्था. उपमा फार ताणण्याची गरज नाही. पण आपल्या संघटनांच्या बहुतेक निवेदनांवरील दिनांक पाहिले तर ती शेवटच्या अवस्थेतच लिहिलेली आढळतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. २०२३ चे पावसाळी अधिवेशन २० जुलै ते ११ ऑगस्ट या काळात झाले. सर्वपक्षीय बैठकीत ३१ विधेयकांचा उल्लेख झाला होता आणि अधिवेशन संपले तेव्हा दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या विधेयकांची संख्या २३ होती. या एकाच अधिवेशनात आपल्याशी संबंधित चार गोष्टी घडल्या, किंवा घडावयाच्या राहिल्या.

जे आले नाही

त्या यादीत नव्याने मांडावयाच्या विधेयकांत औषधे, वैद्यकीय उपकरणे व सौंदर्यप्रसाधने विधेयक, २०२३ हे नाव होते. आमच्या शाखेच्या मासिक सभेत आम्ही ती यादी वाचून दाखविली तेव्हा सर्वांचे कान टवकारले ते याच नावाला, आणि ते स्वाभाविकही होते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याची जागा घेणारा हा कायदा. याचा मसुदा आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये सूचना-हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता आणि त्यात आयुष औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. प्रत्यक्षात ते विधेयक त्या अधिवेशनात मांडलेच गेले नाही.

ज्यांनी हा विषय पूर्वीपासून पाहिला आहे त्यांना याचे आश्चर्य वाटले नसेल. औषध कायद्यात मोठा बदल करणारे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आले, पुढे मागे घेण्यात आले. २०१३ मध्ये दुसरे आले, तेही २०१६ मध्ये मागे घेण्याचे ठरले. जुना कायदा मात्र दुरुस्त्यांची ठिगळे लेवून उभाच राहिला. पण एवढ्यावरून निर्धास्त होणे आम्हांस योग्य वाटत नाही, आणि त्याचे कारण एका परंतुकात आहे.

१९४० च्या मूळ कायद्यात आयुर्वेदीय औषधांचा विचार नव्हता. १९६४ च्या दुरुस्तीने प्रकरण ४-अ घातले गेले आणि तेव्हापासून आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांची निर्मिती व विक्री या प्रकरणाखाली येते. त्यातील कलम ३३-ईईसी विनापरवाना निर्मितीस व विक्रीस मनाई करते. मात्र त्याच कलमाच्या शेवटी एक परंतुक आहे: स्वतःच्या रुग्णांच्या उपयोगासाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यांना व हकिमांना हे कलम लागू होणार नाही. एवढेच. अर्ध्या वाक्याची ही सवलत आहे, आणि महाराष्ट्रातील कितीतरी वैद्यांच्या घरामागची भट्टी, खल आणि तैलपाकाची कढई त्या अर्ध्या वाक्यावर उभी आहे. सकाळी नेमक्या रुग्णासाठी भरड काढणे, एखाद्या वातरोग्यासाठी चार प्रस्थ तेल सिद्ध करणे, पंचकर्मासाठी ताजा निरूह घालणे, बालरुग्णासाठी कल्पात मधाचे प्रमाण बदलणे, हे सर्व परवाना, शेड्यूल 'टी'प्रमाणे जागा आणि तंत्रज्ञ यांच्याशिवाय आपण करू शकतो ते या परंतुकामुळे.

जुना कायदा दुरुस्त होतो तेव्हा त्यातील न स्पर्शिलेली वाक्ये आपोआप टिकतात. जुना कायदा रद्द होऊन नवा येतो तेव्हा प्रत्येक वाक्य नव्याने लिहावे लागते, आणि लिहिणाऱ्याला जे आठवत नाही ते राहून जाते. येथे कुणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. मसुदा करणारे अधिकारी विधिज्ञ असतात. वैद्याचा रुग्ण आणि वैद्याचा ग्राहक यांतील भेद त्यांना आपल्याइतका जाणवेलच असे नाही. म्हणून हे विधेयक ज्या दिवशी नव्या नावाने वा नव्या सालाने यादीत दिसेल त्या दिवशी आपण सर्वप्रथम शोधावयाचे ते हे परंतुक. ते आहे काय? असल्यास 'स्वतःच्या रुग्णांच्या उपयोगासाठी' हे शब्द तसेच आहेत काय? 'वैद्य' या शब्दाची व्याख्या केली आहे काय, आणि केली असल्यास तीत राज्य नोंदवहीतील सर्व जण येतात काय? औषधालयांच्या मालकांनी दुसरी बाजू पाहावी. पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांची यादी, ज्यावर आपले शास्त्रोक्त कल्पांचे परवाने आधारलेले आहेत, ती नव्या कायद्यात कशी येते, हा त्यांचा प्रश्न.

याच अधिवेशनात जनविश्वास विधेयक संमत झाले. ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी बदलून किरकोळ गुन्ह्यांतील तुरुंगवास कमी करणे हा त्याचा हेतू, आणि त्या ४२ मध्ये औषध कायदाही होता. त्यातील कलम २७(ड) खालील गुन्हा तडजोडपात्र झाला. वृत्तपत्रांत 'औषध कायदा सौम्य' असे मथळे आले आणि आमच्या परिचयाच्या दोन औषधनिर्मात्यांनी समाधानाने एकमेकांचे अभिनंदनही केले. पण कलम २७ हे प्रकरण ४ मधील आहे, आणि कलम ३३-अ प्रमाणे ते प्रकरण आयुर्वेदीय औषधांना लागू होत नाही. आपल्या शिक्षेची कलमे प्रकरण ४-अ मध्ये, ३३-आय पासून पुढे आहेत. ज्यांच्या दुकानात ॲलोपॅथिक औषधेही विकली जातात त्यांना त्या दुरुस्तीशी कर्तव्य आहे, इतरांना नाही. हे सांगण्याचे कारण इतकेच की विधेयकाच्या नावापेक्षा आणि मथळ्यापेक्षा प्रकरणाचा क्रमांक पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

जे आले आणि लागू झाले

त्याच यादीच्या प्रलंबित भागात जैविक विविधता (दुरुस्ती) विधेयक, २०२१ होते. याच्या नावात औषध नाही, वैद्य नाही, आयुर्वेद नाही. आमच्या सभेत त्या नावावर कुणी थांबलेही नाही; एका तरुण औषधनिर्मात्याने तेवढे विचारले की हे वाघ-बिबट्यांसंबंधी आहे काय. वास्तविक त्या यादीत आपल्या कच्च्या मालाशी थेट संबंध असलेले तेच एक विधेयक होते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २००२ च्या कायद्याप्रमाणे जैविक संसाधनांचा व्यापारी उपयोग करणाऱ्यांनी लाभाचा काही भाग स्थानिक समाजाला द्यावा, हे तत्त्व आले. हा नियम परदेशी कंपन्यांपुरता की भारतीय कंपन्यांनाही, यावर अनेक वर्षे वाद होता. २१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निर्णय दिला की लाभवाटपाचे दायित्व भारतीय निर्मात्यांवरही आहे. हिरडा, बेहडा, गुळवेल, शतावरी असा माल पोत्यांनी घेणाऱ्या प्रत्येक रसशाळेला तो निर्णय लागू पडणारा होता. त्यानंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी हे दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले. त्याच्या उद्देश व कारणे या भागात भारतीय चिकित्सापद्धतींच्या क्षेत्राने मांडलेल्या अडचणींचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे आपल्यापैकी कुणीतरी, बहुधा मोठ्या कंपन्यांनी, वेळीच गाऱ्हाणे घातले होते. विधेयक संजय जयस्वाल यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. ते आपल्या स्थायी समितीकडे यावयास हवे होते असा आक्षेप जयराम रमेश यांनी तेव्हा घेतला होता. समितीचा अहवाल ऑगस्ट २०२२ मध्ये आला, लोकसभेने २५ जुलै २०२३ रोजी व राज्यसभेने १ ऑगस्ट २०२३ रोजी ते संमत केले आणि १ एप्रिल २०२४ पासून कायदा अंमलात आला.

यात वैद्यांचे काय झाले ते शब्दशः पाहण्यासारखे आहे. २००२ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये राज्य जैवविविधता मंडळाला पूर्वसूचना देण्याच्या बंधनातून स्थानिक लोक, उत्पादक शेतकरी आणि देशी वैद्यक आचरणारे वैद्य व हकीम यांना सूट होती. नव्या कायद्यात सूट मिळणाऱ्यांची यादी वाढली. तीत संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आले, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आल्या, वैद्य व हकिमांबरोबर नोंदणीकृत आयुष व्यावसायिकही आले. पण त्यांच्यापुढे शब्द आले आहेत ते असे की जे केवळ उदरनिर्वाहासाठीचा व्यवसाय म्हणून देशी वैद्यक आचरतात त्यांनाच ही सूट. म्हणजे चिकित्सालय चालविणारा वैद्य सूटीत आहे. त्याच वैद्याने भावाच्या भागीदारीत परवानाधारक रसशाळा काढली आणि तिचे च्यवनप्राशाचे डबे तीन जिल्ह्यांत जाऊ लागले, तर त्या रसशाळेपुरता तो सूटीबाहेर जाण्याचा संभव मोठा आहे. आपल्या सभासदांत अशा दुहेरी भूमिकेतील वैद्य पुष्कळ आहेत. त्यांनी 'मी नोंदणीकृत वैद्य आहे' एवढ्या आधारावर स्वस्थ राहू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

लागवडीच्या वनस्पतींनाही सूट आहे, पण ती उगम प्रमाणपत्रावर अवलंबून आहे, आणि ते प्रमाणपत्र स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून यावयाचे आहे. ज्यांनी शेतकऱ्यांशी शतावरीचा वा सफेद मुसळीचा करार केला आहे त्यांनी खरेदीच्या पावतीबरोबर हा कागद मागावयास आरंभ करावा. जंगलातून गोळा होणाऱ्या मालाचे, विशेषतः हिरड्या-बेहड्याचे, गणित निराळे आहे आणि ते तसेच असावयास हवे, असे आमचे मत आहे. ज्या डोंगरपाड्यांतून तो माल येतो तेथील लोकांना त्याचा वाटा मिळणे यात वैद्याला खटकण्यासारखे काही नाही. पहिल्या मसुद्यातील 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' या शब्दाची व्याख्याच दिली नव्हती आणि टीकाकारांनी नेमक्या त्याच जागी बोट ठेवले होते. ग्रंथोक्त कोणते आणि लोकपरंपरेतील कोणते, हा प्रश्न वैद्याइतका अधिकाराने कोण सोडवू शकेल? तरी त्या चर्चेत आपल्या जिल्हा शाखांचा आवाज जवळजवळ नव्हता.

शिक्षेच्या बाबतीत जुन्या कायद्यातील पाच वर्षांपर्यंतचा तुरुंगवास गेला आणि एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंत दंड आला. उल्लंघन चालू राहिल्यास आणखी एक कोटीपर्यंत. छोट्या औषधनिर्मात्याला यांपैकी कोणते अधिक जड, याचा विचार ज्याचा त्याने करावा. पुढे एप्रिल २०२५ मध्ये लाभवाटपाचे नवे विनियम आले व वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असणाऱ्यांना त्या वाटपातून मोकळीक मिळाली, ही आपल्या बहुसंख्य सभासदांना दिलासा देणारी गोष्ट होय. महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपूर येथे आहे.

जे यादीत नव्हते

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, गृहमंत्री अमित शहा यांनी भारतीय दंड संहितेची जागा घेणारे भारतीय न्याय संहिता विधेयक व अन्य दोन फौजदारी विधेयके लोकसभेत मांडली. ही तीन नावे अधिवेशनापूर्वीच्या यादीत नव्हती. विधेयके गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेली, तिचा अहवाल नोव्हेंबरात आला, १२ डिसेंबरास सुधारित विधेयके पुन्हा मांडली गेली, २० व २१ डिसेंबरास दोन्ही सभागृहांनी ती संमत केली. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू आहे.

वैद्याचा फौजदारी कायद्याशी संबंध सहसा येत नाही; येतो तेव्हा तो निष्काळजीपणाने मृत्यू घडल्याच्या आरोपाखाली येतो. जुन्या संहितेत हे कलम ३०४-अ होते आणि त्यात कुणालाही, मग तो मोटारचालक असो वा शल्यविद् असो, दोन वर्षांपर्यंत कारावास सांगितला होता. नव्या संहितेत ते कलम १०६ झाले व शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली. मात्र वैद्यकीय कर्म करीत असताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असे घडल्यास शिक्षा दोन वर्षांपर्यंतच राहील, असा अपवाद ठेवण्यात आला. लोकसभेतील चर्चेत २० डिसेंबरास गृहमंत्र्यांनी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या विनंतीचा उल्लेख केला होता. येथवर सर्व ठीक आहे. पण या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. त्यानुसार 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खाली मान्य असलेली अर्हता धारण करणारा व ज्याचे नाव त्या कायद्याखालील राष्ट्रीय वा राज्य नोंदवहीत आहे असा व्यावसायिक.

आपली अर्हता त्या कायद्याखाली नाही. ती राष्ट्रीय भारतीय चिकित्सापद्धती आयोग कायदा, २०२० खाली आहे, आणि आपली नोंद निराळ्या नोंदवहीत आहे. म्हणजे शब्दार्थाने पाहता बी.ए.एम.एस. वैद्य त्या अपवादाच्या बाहेर राहतो. जो आरोप जुन्या संहितेत त्याच्यावर दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा होता तोच आता पाच वर्षांपर्यंतचा झाला, आणि शेजारच्या एम.बी.बी.एस. डॉक्टरवर मात्र तो दोनाचाच राहिला. ज्यांचा व्यवसाय नाडी, चूर्ण आणि काढा इतकाच आहे त्यांना हे दूरचे वाटेल. परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणातील ५८ शस्त्रकर्मे नावानिशी नोंदविली. आपले शल्यतंत्राचे पदवीधर अर्श-भगंदराची क्षारसूत्रे बांधतात, प्रसूतितंत्राचे पदवीधर सूतिकागृहे चालवितात, पंचकर्मात वमन-विरेचनादी शोधनकर्मे रोज होतात. एका शासनाने शस्त्रकर्माचा अधिकार स्पष्ट केला आणि त्याच शासनाच्या दुसऱ्या कायद्यात त्या कर्मातील जोखमीचा विचार राहून गेला.

हे जाणूनबुजून झाले असे आम्ही म्हणत नाही. आमची समजूत अशी की मागणारा एक होता, म्हणून देणाऱ्याने त्याच्याच नोंदवहीचे नाव लिहिले. ऑगस्ट ते डिसेंबर असे चार महिने ती विधेयके सर्वांपुढे होती आणि स्थायी समिती त्यांवर बैठका घेत होती. त्या काळात आमच्या माहितीप्रमाणे आपल्या शाखांत शासकीय अनुदान, परीक्षाशुल्क आणि धन्वंतरीपूजनाच्या निमंत्रणपत्रिका यांवरच पत्रव्यवहार चालला होता. दोष कुणा एकाचा नाही. फौजदारी संहितेत आपले काही असेल हे सुचलेच नाही.

आणखी दोन गोष्टी

सभागृह कोणते, यालाही महत्त्व आहे. राष्ट्रीय भारतीय चिकित्सापद्धती आयोगाचे विधेयक तत्कालीन आयुष मंत्री, गोव्याचे श्रीपाद नाईक यांच्या खात्याने ७ जानेवारी २०१९ रोजी राज्यसभेत मांडले. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. लोकसभेत मांडलेले २०१७ चे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयक तिच्याबरोबर व्यपगत झाले व नव्याने आणावे लागले. आपले मात्र जिवंत राहिले, कारण राज्यसभेत मांडलेले व लोकसभेने संमत न केलेले विधेयक लोकसभेच्या विसर्जनाने मरत नाही. स्थायी समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये, राज्यसभेची मंजुरी मार्च २०२० मध्ये, लोकसभेची सप्टेंबर २०२० मध्ये, आणि आयोग प्रत्यक्षात आला ११ जून २०२१ रोजी. १९७० च्या कायद्याची जागा घेणाऱ्या या विधेयकावर सूचना देण्यास वेळ पुरला नाही असे म्हणण्यास कुणालाच जागा नव्हती.

दुसरी गोष्ट नियमांची. कायदा संसद करते, नियम मंत्रालय करते, आणि नियम या यादीत कधीच दिसत नाहीत. जाहिरातींसंबंधीचा नियम १७० हे त्याचे ताजे उदाहरण. आयुर्वेदीय औषधांची रोगनिवारणाची जाहिरात परवाना अधिकाऱ्याकडून ओळखक्रमांक घेतल्याशिवाय करू नये, असा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळला गेला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकालात काढताना ती स्थगितीही उठविली. एवढ्या काळात संसदेत त्यावर मतदान झाले नाही. तेव्हा राजपत्रावर लक्ष ठेवणारा एक सभासद प्रत्येक शाखेत असणे अगत्याचे आहे. नियम गेला तरी औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ जागेवर आहे, हेही जाताजाता नोंदवितो.

शाखांनी काय करावे

आगामी अधिवेशनाची यादी प्रसिद्ध होताच प्रत्येक जिल्हा शाखेने ती मिळवावी. लोकसभा व राज्यसभा दोन्ही आपली बुलेटिने सर्वांसाठी उपलब्ध करून देतात. यादी नावाने वाचू नये. प्रत्येक विधेयक कोणत्या मूळ कायद्यात बदल करते ते पाहावे आणि आपल्या व्यवसायाला स्पर्श करणाऱ्या कायद्यांशी ताडून घ्यावे. ते कायदे फार नाहीत: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, जैविक विविधता कायदा, चिकित्सापद्धती आयोगाचा कायदा, जाहिरातींचा १९५४ चा कायदा, अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा (भांग आणि अहिफेन असलेले कल्प करणाऱ्यांसाठी), ग्राहक संरक्षण कायदा, आणि आता न्याय संहिता. यांपैकी एकाचे नाव आले की विधेयकाची प्रत काढून केवळ व्याख्या आणि परंतुके प्रथम वाचावीत. आमच्या अनुभवाने आपला लाभ वा हानी बहुधा त्या दोन जागीच असते.

विधेयक समितीकडे गेले तर समिती वृत्तपत्रांतून सूचना मागविते; मुदत थोडी असते. २०१४ पासून मंत्रालयांनीही मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा असे धोरण आहे, जरी ते सर्व वेळी पाळले जात नाही. निवेदन एका पानाचे असावे. त्यात आयुर्वेदाची पाच हजार वर्षांची परंपरा सांगू नये. ती समितीला ठाऊक असते. कोणत्या कलमातील कोणता शब्द, त्याऐवजी कोणता शब्द, आणि त्याने कुणाचे काय अडते, एवढेच लिहावे. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना भेटावयाचे ते याच पानासह, आणि अधिवेशन सुरू होण्यापूर्वी. सुरू झाल्यावर ते दिल्लीत असतात.

न्याय संहितेच्या कलम १०६ विषयी आम्ही असे एक पान तयार केले आहे. मागणी एकच आहे: स्पष्टीकरणातील 'राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९' या शब्दांनंतर 'किंवा राष्ट्रीय भारतीय चिकित्सापद्धती आयोग कायदा, २०२० किंवा राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग कायदा, २०२०' हे शब्द, आणि नोंदवहीच्या उल्लेखात त्या कायद्यांखालील नोंदवह्यांची नावे. होमिओपॅथी बंधूंचा प्रश्न तोच असल्याने त्यांच्या संघटनांशी बोलणे करावे, असे आम्ही सुचवितो. ज्या शाखांना प्रत हवी असेल त्यांनी संपादकांकडे कळवावे. शल्य, शालाक्य व प्रसूतितंत्राचे व्यवसाय करणाऱ्या सभासदांनी आपल्या विमापत्रातील 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' या शब्दाची व्याख्याही एकदा उघडून पाहावी.